गेलेल्या माशाची बातमी

पुण्याहून विजयदुर्गला जायचं तर कोल्हापूर, गगनबावडा, तळेरे असा रस्ता आहे. या रस्त्यावर मांडीवर काय घेऊन बसावं याचेही संकेत ठरलेले आहेत: जाताना बाकरवडी, येताना आमसुलं. माझ्या मांडीवर मासेशोधक यंत्राचं खोकं होतं. मामेसासऱ्यांच्या ठाण्यातल्या मुलाने ते वडिलांच्या होडीसाठी घेतलं होतं आणि कुरिअर गावापर्यंत पोचत नसलं तरी जावई पोचतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घाटात शेजारच्या आजोबांनी "काय आहे हो आत?" म्हणून चौकशी केली. मासे शोधायचं यंत्र आहे, असं सांगितल्यावर ते दोन वळणं गप्प राहिले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "तुमच्याकडे बाजार भरत नाही का?"

मामांचं घर वाघोटणच्या खाडीकाठी आहे. त्यांच्याकडे फायबरची छोटी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन, आणि जाळ्यापेक्षा गरीवर जास्त भरवसा. पाण्याचा ठाव घ्यायला शिसं बांधलेली दोरी. ते खोली वावांत सांगतात. एक वाव म्हणजे सहा फूट. मासे कुठे आहेत हे कळायला त्यांच्याकडे डोकं आहे, आणि ते कोणालाही उघडून दाखवत नाहीत.

खोक्यातून पाच इंची पडदा निघाला, लांबलचक केबल निघाली आणि मुठीत मावेल असा एक काळा ठोकळा निघाला. खरं काम या ठोकळ्याचं. त्यात एक स्फटिक असतो. विजेचा झटका बसला की तो थरथरतो आणि पाण्यात ध्वनी सोडतो. सेकंदाला दोन लाख कंपनं, म्हणजे आपल्या कानांच्या कुवतीपलीकडचा. हा ध्वनी तळावर आपटून परत येतो. खाऱ्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, त्यामुळे जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून खोली निघते. पंधरा मीटर पाण्यात हा सगळा प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतो. मामांची दोरी तळाला लागून वर येईपर्यंत एक बिडी होते. मामांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि बिडीच्या बाजूने कौल दिला.

ठोकळा बसवायचा होडीच्या मागच्या फळीला, तळापासून किंचित खाली, इंजिनच्या पंख्यापासून दूर. पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर उजव्या अंगाला. पाण्यात बुडबुडे झाले की ध्वनी हवेला अडतो आणि यंत्र आंधळं होतं. एवढं मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं. पुढचं वाक्य होतं, "स्क्रूसाठी भोकं पाडा."

"होडयेक भोक?" मामांचा आवाज चढला. "जावयानू, उभो जल्म होडयेची भोकां बुजवण्यात गेलो माझो. आता मीच पाडू?"

सीलंट लावलं की पाणी आत येत नाही, असं मी म्हणालो. "पाण्याक ता वाचूक येता काय?" असं मामांनी विचारलं. शेवटी त्यांनीच तोड काढली. एक सागवानी फळी घेतली, तिला ठोकळा जखडला आणि ती फळी मागच्या काठाला वरून पकडीने आवळली. सगळी भोकं फळीला पडली आणि होडी कुमारी राहिली. पुढे पुस्तिका चाळताना शेवटच्या पानांत हाच उपाय छापलेला सापडला. मी तो मामांना दाखवला नाही. पुस्तिकेचा मान वाढला असता.

वायरिंगला गावातला वायरमन आला. एरवी तो गणपतीत माइक लावतो. लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला, मध्ये फ्यूज. आणि ठोकळ्याची केबल लांब झाली तरी कापायची नाही, नुसतं वेटोळं करून बांधायची. ही शेवटची अट त्याच्या जिवावर आली. माइकवाल्याच्या हातून हे काम कितपत होणार, अशी मामांना शंका होती. मी त्यांना धीर दिला की मच्छीमारांसाठी पहिलं मासेशोधक यंत्र १९४८ साली जपानमध्ये नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी बाजारात आणलं, आणि त्यांचाही धंदा बोटींच्या वायरिंगचाच होता. वायरमनने तेवढ्यावर मजुरी वाढवून मागितली.

बटण दाबलं. पडदा उजळला आणि जमलेल्या गावाने श्वास रोखला. खोली चाळीस मीटर! तळ लाल-पिवळा, त्यावर झुंडीच्या झुंडी, मधूनच हातभर लांबीचं काहीतरी सरकत जाई. वायरमनने नमस्कार केला. अडचण एवढीच होती की होडी माडाखाली, कोरड्या वाळूत, दोन ओंडक्यांवर होती.

मामी पदराला हात पुसत आल्या, पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "मग जाळा हयसरच टाका. पेट्रोल वाचात."

ठाण्याला फोन लावला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो डेमो आहे. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला असतो." मामांनी फोन ठेवला. दुकानात मासे दाखवणारं यंत्र समुद्रात काय दाखवणार, याबद्दल त्यांचं मत तिथेच पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. खाडीच्या पाण्यात यंत्राने माशांचा धडाकाच लावला. पडद्यावर माशांची चित्रं उमटत आणि प्रत्येकासाठी शिट्टी वाजे. कुजका पाला आला, शिट्टी. प्लास्टिकची पिशवी आली, दोन शिट्ट्या. मधेच पडद्यावरल्या हिशेबाने एक मोठा मासा आमच्याबरोबर बराच वेळ चालला. तो आमचाच मागे लोंबणारा दोर होता. यंत्राला प्रतिध्वनी कळतो, जात कळत नाही. ती चित्रं आणि शिट्टी बंद केल्यावर खरी रेघ दिसू लागली.

किल्ला डावीकडे टाकून बाहेर पडलो. मामांनी इंजिन वाढवलं की बुडबुड्यांनी पडदा कोरा होई, कमी केलं की तळ परत येई. मामांनी दोरी सोडली, "आठ वाव" म्हणाले. यंत्र सत्तेचाळीस फूट म्हणालं. एका फुटावरून वाद पेटला. ठोकळा पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असल्यामुळे तेवढं अंतर यंत्रात वेगळं भरावं लागतं, हे मी समजावलं. मामांना त्यातलं एवढंच रुचलं की चूक यंत्राची होती.

विजयदुर्गाच्या जवळ समुद्राखाली एक बांधीव भिंत आहे. शत्रूची गलबतं तिच्यावर आपटून फुटत, असं लोक सांगतात. पडद्यावर तळाची रेघ एकाएकी वर चढली तसा मी उभाच राहिलो. "मामा, भिंत!"

मामांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बुरूज पाहिला, मागचा डोंगर पाहिला, दोन्ही एका रेषेत आलेले पाहिले. "ता खडप," ते म्हणाले. "भिंत थंयसर. खाली बसा, होडी कलांडता."

खडपावर मासे होते. पडद्यावर ठसठशीत कमानी उमटू लागल्या. मासा कमानीसारखा का दिसतो? ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो. मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा लांब, मधोमध येतो तेव्हा जवळ, बाहेर पडताना पुन्हा लांब, म्हणून कमान. आणि प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. मोरीला आणि वागळीला ती पिशवी नसते, म्हणून त्या पुसट दिसतात. घोळ माशाची हीच पिशवी, बोत, सोन्याच्या भावाने जाते. २०२१ साली पालघरजवळच्या मुरब्याच्या मच्छीमारांना घोळींचा थवा लागला तो लिलावात कोटीच्या वर गेला होता. "म्हंजे मशिनीक पण पैशेवालोच मासो दिसता," मामा म्हणाले.

मग त्यांनी मला खरा प्रश्न टाकला. पडद्याच्या डावीकडे ती मोठी कमान दिसते आहे, तो मासा कुठे आहे? मी सांगितलं, पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता. बाकीचा सगळा पडदा म्हणजे होडी ज्यावरून येऊन गेली ते. पुढचं काही त्यात नसतं.

मामांनी इंजिन बंद केलं. "म्हंजे गेलेल्या माशाची बातमी. पेपरासारखी."

शिवाय बातमीदाराचा मुलूखही लहान. आमच्या यंत्राचा शंकू वीस अंशांचा, त्यामुळे पंधरा मीटर खोलीवर त्याला तळाचं जेमतेम पाच मीटरचं वर्तुळ दिसतं, आणि बाजूला अरबी समुद्र. मामांना फोनवर हैदराबादहूनही सल्ला येतो. तिथली सरकारी समुद्र संस्था उपग्रहाने पाण्याचं तापमान आणि हिरवळ पाहून मासे कुठे असावेत ते कळवते. जिथे समुद्र नाही तिथून समुद्राची माहिती येते याचं मामांना काही वाटत नाही. तिथल्या माणसाला मासेमारीचा मत्सर नसतो, एवढं त्यांना पुरतं.

मी कमानींवर गरी सोडली. कोळंबी लावलेली गरी माशांच्या नाकासमोर लटकत राहिली, पडद्यावर तीसुद्धा दिसत होती, आणि एकही मासा तिच्याकडे वळेना. मामा नुसते बसून होते. ओहोटी लागली तशी त्यांनी होडी चार हात सरकवली, गरी टाकली आणि थोड्या वेळात एक लालभडक तांबोशी वर काढली. यंत्र मासा दाखवतं, त्याला भूक कधी लागते ते दाखवत नाही.

परतताना मात्र पारडं फिरलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पावसाळ्यात सरकला होता. मामा नेहमीच्या वाटेने निघाले आणि उथळ पाण्याची शिट्टी वाजली. सहा फूट, पाच, चार. मामांनी काही न बोलता सुकाणू फिरवलं आणि पडद्याकडे डोळा ठेवून होडी आत आणली. धक्क्याला लागेपर्यंत त्यांनी ती शिट्टी एकदाही बंद करू दिली नाही.

धक्क्यावर गाव उभंच होतं. "मासे दिसतत?"

"छ्या," मामा तांबोशी गोणपाटाखाली सारत म्हणाले. "फकस्त खोली सांगता."

रात्री ठाण्याचा फोन आला. चिरंजीवांचं म्हणणं, यंत्रात जीपीएस आहे. जिथे मासा लागला ती जागा त्यात साठवून ठेवा आणि मला पाठवा, मित्रांना घेऊन येतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फोन तोंडासमोर धरून, खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "रेंज नाय रे हय. तुझा काय्येक आयकाक येणा नाय."