सोयाबीन निघाल्यावर

कॉम्प्युटरला तारखा कळत नाहीत म्हटलं की लोक हसतात. त्यांनी १७/०९/१९४८ आणि ०१/०५/१९८१ या दोन तारखा साध्या मजकुरासारख्या त्याच्यापुढे टाकाव्यात आणि आधीची कोणती ते विचारावं. पहिल्या तारखेला मराठवाडा मुक्त झाला, दुसरीला जालना जिल्हा झाला. पण गडी डावीकडून एकेक अक्षर बघतो. शून्य एकापेक्षा लहान, म्हणून जिल्हा आधी झाला आणि निजाम नंतर गेला, असं ठणकावून सांगतो. वर्षापर्यंत तो पोचतच नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहून दिलं की मात्र सुतासारखा सरळ.

नवीन जालन्यात बसून दुकानदारांसाठी उधारीचे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे प्रोग्रॅमच्या भाषांचे स्वभाव पाठ झालेत. जावास्क्रिप्टमध्ये दिवस एकपासून मोजतात आणि महिने शून्यापासून, म्हणजे मे महिना चौथा. एकाच क्षणाच्या दोन तारखा तयार करून ‘सारख्या का?’ विचारलं, तर उत्तर ‘नाही’. मग पहिली लहान? नाही. मोठी? तेही नाही. पायथॉनचं वेगळंच. एका वेळेला टाइमझोन आहे आणि दुसरीला नाही, तर त्या मानपान बिघडलेल्या विहिणींसारख्या शेजारी उभ्या राहायलाही तयार नसतात. त्यातली पायटीझेड नावाची जुनी लायब्ररी नीट न बघता वापरली, तर भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास नव्हे, ५ तास ५३ मिनिटं पुढे जातो. ही कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ. आमच्याकडे २३ मिनिटांना फरक म्हणायची पद्धत नाही, म्हणून बोभाटा होत नाही.

तारखेची जागा रिकामी राहिली की बरेच प्रोग्रॅम १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दाखवतात, कारण कॉम्प्युटरचा काळ तिथून सुरू होतो. यात हसण्यासारखं काही नाही. जन्मतारीख माहीत नसली की आपले गुरुजी शाळेच्या दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजही कुठल्याही ऑफिसची यादी काढा, १ जूनला केक कापायला माणसं जास्त आणि टाळ्या वाजवायला कमी.

पण खरी परीक्षा गल्ल्यावर.

“शेठ, या पार्टीची उधारी कधीपर्यंतची धरू?”

“सोयाबीन निघाल्यावर.”

“तारीख लागते, शेठ.”

“मग आठ दिवस टाका.”

आज सोमवार असेल तर शेठचे आठ दिवस पुढच्या सोमवारी संपतात, कॉम्प्युटरचे मंगळवारी. पंधरा दिवसांची मुदत दिली तरी हेच. या एका दिवसावरून गिऱ्हाईक भांडतं, आणि पैसे मात्र दोन्ही दिवशी येत नाहीत.

तेव्हा दुकानदारांनो, बिलावर तारीख लिहा, वर्ष चारही आकड्यांत लिहा. मुदत उलटली की नाही एवढं कोणतीही भाषा सांगेल. मुदत पाळायला लावणारी भाषा अजून निघालेली नाही.