आभाळ विकणे आहे

मोबाइल कंपन्यांनी टीव्हीच्या लहरी बळकावल्या, असं काही कुजकट मंडळी म्हणतात. बळकावणं कसलं? राजरोस लिलावात घेतल्या. तेही सरकारने दोनदा भाव उतरवून हातापाया पडल्यावर.

एकेकाळी टीव्हीसाठी राखलेला 700 मेगाहर्ट्झचा पट्टा. याच्या लहरी लांब जातात, भिंतींतून आरपार घुसतात. तेव्हा त्यावर डोळा असणारच. तरी 2016 च्या लिलावात सरकारने एका मेगाहर्ट्झचे 11,485 कोटी मागितले आणि कंपन्यांनी तोंड फिरवलं. 2021 मध्ये भाव 6,568 कोटींवर आला, तरी गिऱ्हाईक नाही. 2022 मध्ये 3,927 कोटी. दिवेलागणीला मेथीच्या जुड्यांचं होतं, तसंच. मग जिओने देशभरासाठी 10 मेगाहर्ट्झ पिशवीत टाकले, 39,270 कोटींना. त्याच लिलावात 600 मेगाहर्ट्झचा पट्टाही मांडून ठेवला होता. त्याला कोणी हात लावला नाही. घाई काय आहे? अजून पुरता अंधार कुठे पडलाय?

दूरदर्शनने मात्र या वयात कमालीचा समजूतदारपणा दाखवला. 1972 च्या गांधी जयंतीला मुंबई केंद्र सुरू झालं. पुढे सिंहगडावर मनोरा आला आणि पुणेकरांना गडावर जायला दही-भाकरीखेरीज आणखी एक दिशादर्शक मिळाला. गच्चीवर अॅल्युमिनियमच्या दांड्या, त्यावर कावळा, आणि पडद्यावर मुंग्या. पण महिन्याचं बिल शून्य. शिवाय प्रक्षेपण बंद पडलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी लावून चक्क दिलगिरी व्यक्त व्हायची. ही अघोरी फुकटेगिरी फार काळ चालणं शक्यच नव्हतं. मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीची जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं प्रसार भारतीने 2022 पर्यंत आवरती घेतली.

आता टीव्हीवरची मालिका आपण फोनवर बघतो. नायिका दार उघडणार, दारात कोण उभं आहे ते कळणार, तेवढ्यात वरून पट्टी उतरते: ‘आपला आजचा 90 टक्के डेटा संपला आहे.’ मग पडद्यावर एक गोल फिरत राहतो. तो दिलगिरी व्यक्त करत नाही. तो रिचार्ज सुचवतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण सरकारला मध्येच जुनी खोड आठवली. टीव्ही थेट मोबाइलवर पाठवायचा, ना इंटरनेट लागणार, ना डेटा! ‘डायरेक्ट टू मोबाइल’ म्हणतात त्याला. आयआयटी कानपूरने तंत्र बसवलं, प्रसार भारतीने चाचण्या घेतल्या, 470 ते 582 मेगाहर्ट्झच्या टापूत जागाही पाहिली. झालं! मोबाइल कंपन्यांच्या संघटनेला एकदम तत्त्वं आठवली: लिलावाशिवाय लहरी कोणाला द्यायच्या नाहीत म्हणे. म्हणजे टीव्हीने स्वतःच्या जुन्या घरात शिरताना आधी बोली लावायची. फोन बनवणाऱ्यांनी वेगळाच गळा काढला. वेगळी चिप बसवावी लागेल, फोनमागे 30 डॉलर वाढतील.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, “म्हणजे हा फुकटचा टीव्ही हप्त्यावर मिळेल ना?”