आवाजाचा बंदोबस्त

मोटारीत पाऊल ठेवताच "दार हळू लावा" असे बजावणारे, ते लावल्यावर "असं नव्हे" म्हणून पुन्हा उघडायला लावणारे, आणि तिसऱ्या खेपेस ते मनाजोगे मिटले की डोळे अर्धवट झाकून "ऐकलंत?" असे विचारणारे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे नसतील यावर माझा विश्वास नाही. प्रत्येक सोसायटीच्या आवारात असा एक नग असतोच; रविवारी सकाळी इतर मंडळी पोह्यांवर लिंबू पिळीत असताना याची गाडी चारी दारे पसरून, आसने उपसून, गालिचा कठड्यावर वाळत घालून अर्धनग्न उभी असते, आणि तिच्या उदरातून बाहेर आलेल्या दोन पावलांवरून मालक आत आहे एवढाच बोध होतो. आमच्या आवारातील ती पावले बापूसाहेबांची.

बापूसाहेब एखाद्या वस्तूची ओळख करून घेतात ती डोळ्यांनी नव्हे, तर उजव्या हाताच्या दुमडलेल्या मधल्या बोटाने. कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेली गृहिणी ज्या निर्विकार अधिकाराने तो वाजवून पाहते, त्याच अधिकाराने ते यच्चयावत सृष्टी वाजवून पाहतात आणि 'टण्ण' की 'थप्प' असा निवाडा जागच्या जागी देतात. 'टण्ण' म्हणजे पोकळ, बेजबाबदार, कोणी बोट लावताच बोंब मारणारा पत्रा. 'थप्प' म्हणजे स्वतःला आवरता येणारी, भारदस्त, खानदानी वस्तू. आमच्याकडे ते प्रथम चहाला आले तेव्हा फ्रिजचे दार, वॉशिंग मशीनची कूस आणि गॅसचा सिलिंडर या तिघांचे जाबजबाब घेऊन मगच खुर्चीवर टेकले. त्यांपैकी पहिल्या दोघांना त्यांनी नापास केले आणि सिलिंडरविषयी "दोन दिवसांचा सोबती" असा अभिप्राय दिला, जो तंतोतंत खरा ठरल्यामुळे आमच्या घरात त्यांच्याबद्दल तेव्हापासून एक भीतियुक्त आदर आहे. भाचीच्या लग्नाच्या बोलणीसाठी त्यांना वडीलधारे म्हणून नेले असता, वराचे तीर्थरूप आपल्या घराण्याचा पाच पिढ्यांचा लौकिक तपशीलवार कथन करीत होते, नेमक्या त्याच क्षणी बापूसाहेबांनी पाठीमागची भिंत वाजवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा सुरात "पोकळ आहे हो!" असा शेरा मारला. ते लग्न पुढे झाले, परंतु मानपानाच्या यादीतून बापूसाहेबांचे नाव बिनशर्त वगळण्यात आले. गावच्या देवळात दर्शनानंतर दानपेटी वाजवून पाहताना पुजाऱ्याने त्यांना हटकले होते, हा प्रसंग ते स्वतःच मोठ्या चवीने सांगतात. "पेटी टण्ण होती, म्हणजे भक्ती कमी नव्हे, पत्रा पातळ," एवढीच त्यांची त्यावर कैफियत.

मात्र हे सारे रियाजाचे प्रकार; खरी मैफल त्यांच्या गाडीत. गाडी म्हणजे एक चिमुकली हॅचबॅक, जिच्यात मागचे बाक आणि डिकी यांच्यामध्ये भिंत अशी नाहीच आणि मागच्या चाकांच्या कमानी थेट बसणाऱ्याच्या कमरेशी येऊन बोलतात. २००२ साली पुरा झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जिथे डांबर नसून काँक्रीट आहे आणि काँक्रीटवर टायर डांबरापेक्षा अधिक गातात, ही गाडी जो घनगंभीर घोष करते तो ऐकून बापूसाहेबांचा जीव कासावीस होतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्याचा आवाज माणसाच्या अंगावर दोन वाटांनी चालून येतो: एक चाकांतून, सस्पेन्शनमधून, सांगाड्यातून कंपनाच्या रूपाने चढत येणारा, आवाजाने जाडा, दुसरा हवेतून, फटीफटींतून शिरणारा, आवाजाने बारीक. पहिल्यासाठी ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेले ब्यूटाइल रबराचे दोन मिलिमीटर जाडीचे पान पत्र्यावर डकवून त्यावर रूळ फिरवायचा, म्हणजे पत्रा थरथरू लागला की रबर ताणले जाते आणि ती थरथर उष्णता होऊन जिरते. दुसऱ्यासाठी जड व्हिनाइलचा पडदा, आणि तो पत्र्याला टेकू नये म्हणून मध्ये फोमचा थर. फोमही कसा, तर बंद पेशींचा, कारण उघड्या पेशींचा फोम पावसाळ्यात ओल धरतो आणि गाडीला धर्मशाळेचा वास येतो.

जाणकार सांगतात की कंपन मारायचे तर पत्र्याचा चौथा हिस्सा झाकला तरी पुष्कळ काम होते, आणि त्यापुढे चिकटवलेल्या प्रत्येक पानाचा लाभ घटत जातो. हा मुद्दा मी एकदा भीत भीत मांडला. बापूसाहेब ताठ बसले. म्हणाले, "चौथाई घेऊन परत फिरायचं ही मुलूखगिरी झाली. आपल्याला राज्य करायचंय!" त्या धोरणानुसार त्यांनी गाडीचा पत्रा नि पत्रा खालसा केला. बाजारात याच कामासाठी स्वस्तातली डांबरी पानेही मिळतात. उन्हात ती मऊ पडतात, वास मारतात, कधी सुटून लोंबू लागतात. त्यांचा नुसता उल्लेखही बापूसाहेबांना सहन होत नाही, आणि त्यांच्या ब्यूटाइलला अनवधानाने कोणी डांबर म्हटले तर तो मनुष्य पुढचा अर्धा तास स्वतःचा राहत नाही.

एक गोष्ट तेवढी मला त्या वेळीही खटकली होती. या पंथातले लोक आरंभ पुढच्या दारांपासून करतात, कारण ती सोपी असतात आणि स्वतःच्या कानाजवळ असतात. बापूसाहेबांनी पहिल्याच रविवारी मागचे बाक उखडले, मागच्या चाकांच्या कमानी मढवल्या, जादा चाकाची खोबण मढवली, आणि चालकाच्या दाराकडे ते किती तरी महिन्यांनी वळले. मी तो त्यांचा लहरीपणा समजलो.

शासनाने २००० सालच्या ध्वनिनियमांत इस्पितळे, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. बापूसाहेबांनी तीच मर्यादा ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या आपल्या गाडीच्या अंतर्भागास लागू केली. मोबाइलवरील मापकाने सुरुवातीस ६९ दाखवले होते. ढीगभर पाने, दोन बोटांवर त्या वर्खाच्या धारेचे काप आणि प्लॅस्टिकच्या मोडलेल्या क्लिपांची एक आख्खी बरणी, एवढ्या खर्चानंतर ते ६६ दाखवू लागले. आता ३ डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी झाली, हे गणित अचूक आहे. परंतु माणसाचा कान असा दीर्घसूत्री कारकून आहे की आवाज निम्मा झाल्याची नोंद करण्यास त्याला १० डेसिबलची घट लागते, आणि पडद्याचे वजन दुप्पट केले तरी सृष्टीचा नियम जेमतेम ६ डेसिबलची सूट देतो. तात्पर्य, शांतता क्षेत्र होते तिथेच राहिले आणि गाडी मात्र वजनाने इतकी प्रतिष्ठित झाली की चढावर ती प्रतिष्ठा इंजिनाला जाणवू लागली.

नाना पेठेतल्या एका मिस्त्रीने हा सगळा थाट पाहिला, खाली वाकून चारी चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, टायर दगड झालेत, आणि झिजलेतही वेडेवाकडे. तेवढे बदला, निम्मा आवाज तिथेच जाईल." यावर बापूसाहेबांनी त्याच्या टेबलाचा पत्रा वाजवला आणि एक अक्षर न बोलता बाहेर आले. त्यांना दुःख झाले ते मिस्त्री चुकला म्हणून नव्हे. इतक्या मोठ्या शास्त्राला इतके क्षुल्लक उत्तर असावे, हे त्यांना अपमानास्पद वाटले.

पुढे आषाढ लागला आणि एक नवाच आवाज उपस्थित झाला. ब्रेक दाबला की डाव्या दारातून खळ्, वळण घेतले की खळखळ, खड्ड्यातून गेले की घागर हिंदकळल्यासारखे काहीतरी. बापूसाहेबांनी तीन रात्री त्यावर मसलत केली, दाराच्या आत आणखी दोन पाने डकवली, आणि आवाज कमी न होता घुमारदार झाला. अखेर त्यांच्या ध्यानी आले ते असे की काचेवरून आत उतरणारे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून प्रत्येक दाराच्या तळाशी जी बारीक छिद्रे ठेवलेली असतात, ती त्यांनी 'आवाजाला वाट नको' या तत्त्वावर स्वहस्ते लिंपून टाकली होती, आणि गेला पंधरवडा आम्ही दारादारांतून सिंहगडच्या पायथ्याचे पाणी वाहत होतो. छिद्रे मोकळी केली तेव्हा निघालेल्या पाण्यावर वहिनींनी कुंड्या भिजवल्या, असे त्या सांगतात.

एक आवाज मारला की त्याच्या आड आजवर दडलेला दुसरा आवाज वारस म्हणून हजर होतो, हा या व्यवसायातला खरा शाप. टायरची घरघर उतरली की डिकीची खडखड ऐकू येते, ती दाबली की आसनाची रूळपट्टी कुरकुरते. बापूसाहेबांनी या वारसांच्या नोंदीसाठी एक वही घातली होती: वेग, रस्ता, उगमस्थान, जात. ती मी चाळली आहे. घरघर, घूंघूं, धडधड, गडगड, घुमणे, पानेच्या पाने. सगळे आवाज जाडे. त्यात किणकिण, टिकटिक, चीं असा एकही बारीक स्वर नव्हता, आणि डिकीची खडखड व रूळपट्टीची कुरकुर या नोंदी वहिनींच्या अक्षरात होत्या, हे मला तेव्हा नुसते गमतीचे वाटले.

स्वारगेटहून कात्रजला एकदा आम्ही गेलो तो प्रवास मला या संदर्भात विसरता येत नाही. बापूसाहेब मला १९५८ सालच्या रोल्स-रॉइसच्या त्या सुप्रसिद्ध जाहिरातीविषयी सांगत होते. डेव्हिड ओगिल्व्ही नावाच्या जाहिरातकाराने तिच्यात असा दावा केला होता की ताशी ६० मैलांच्या वेगातही या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्या विजेच्या घड्याळाचा. "घड्याळाचा!" बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वर दाटून आला. "आपल्याला रोल्स नको. पण धावत्या गाडीत घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, एवढं काही जास्त मागणं नाही." हे ते बोलत असता स्वारगेटच्या वळणावर दिलेला उजवा इंडिकेटर तसाच चालू होता, सबंध सातारा रस्ता तो टिक्-टिक्, टिक्-टिक् करीत राहिला, मागचे रिक्षावाले आमच्या कुळाचा उद्धार करीत राहिले, आणि बापूसाहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "बघा, आत्ता कशी शांत आहे!" मी ती तन्मयता समजून गप्प बसलो.

खुलासा वहिनींकडून झाला, तोही मेथी निवडता निवडता. "गाडीला काही झालेलं नाही हो," त्या म्हणाल्या, "झालंय ते कानांना." चिंचवडकडच्या एका कारखान्यात, जिथे अजस्र प्रेस दिवसभर पत्रा ठोकून त्याला आकार देत असतात, तिथे बापूसाहेबांनी आपली सारी नोकरी काढली, पत्रा बोटाने वाजवून पारखायची सवयही तिथलीच. कानांच्या तपासणीचा कागद वहिनींनी मला दाखवला. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि ४००० च्या आकड्यापाशी दरीत कोसळते. जन्मभर यंत्रांच्या दणक्यात राहिलेल्या माणसाचा कान नेमका तिथेच आधी जातो. जाडे आवाज शाबूत राहतात, आणि बारीक आवाजांबरोबर बोलण्यातली स, श, त, ख ही व्यंजने निघून जातात. "डॉक्टर म्हणाले मशीन घ्या. घेतलं. डबीसकट कपाटात आहे. ऐकतात कुठे माझं!"

घरात निभते, कारण समोरच्याचा चेहरा दिसतो. गाडीत नजर रस्त्यावर आणि बोलणारी पाठीमागे. ठाण्याची नात सुट्टीत आली की तिची जागा मागच्या बाकावर. ती सांगायची शाळेचे, यांच्या कानी पडायचा नुसता आकार-एकार, आणि त्यातले उरलेसुरले चाकांच्या घोषात बुडायचे. बापूसाहेब प्रत्येक वाक्याला "हो का? वा!" म्हणायचे. सहा वर्षांच्या मुलीला एवढे कळते. एका दिवाळीत "आमची मनी हरवली" यालाही "वा!" मिळाल्यावर तिने सांगणे बंद केले आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर पाहत बसली. त्यानंतरच्या रविवारी मागचे बाक उखडले गेले.

हे कळल्यावर मी त्यांच्याकडे अधिक आदराने पाहू लागलो असे लिहिले तर ते खोटे होईल, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी माझे नवे पुस्तकांचे कपाट वाजवून 'टण्ण' ठरवले. परंतु त्यांच्या गाडीचे दार तेव्हापासून मी न सांगता हळू लावतो.

यंदा उन्हाळ्यात नातीला ठाण्याला पोचवायला ते निघाले तेव्हा मुंबईत काम असल्याने मीही बरोबर होतो. आदल्या आठवड्यात बापूसाहेब गावी गेले असताना वहिनींनी त्या नाना पेठेतल्या मिस्त्रीला बोलावून चारी टायर परस्पर बदलून घेतले होते, आणि ही बाब आजतागायत दफ्तरी दाखल झालेली नाही; गाडी निवांत चालते आहे याचे सर्व श्रेय बापूसाहेबांनी छताला लावलेल्या शेवटच्या पानाला दिले. कामशेतचा बोगदा मागे पडला. मागच्या बाकावरून, मोठ्याने नव्हे, अगदी स्वतःशी बोलावे तसा आवाज आला: "आबा, तुझ्या गाडीत ना, डांबराचा वास येतो."

बापूसाहेबांची मान ताठ झाली. "वास?" ते म्हणाले. "डांबराचा?" त्यांनी आरशात पाहिले नव्हते, मागे वळले नव्हते, 'वास'मधला 'स' त्यांच्यापर्यंत धडधाकट पोचला होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. बापूसाहेबांना मात्र दुसऱ्या कशाचे भान नव्हते, कारण मामला प्रतिष्ठेचा होता, आणि खंडाळा, आडोशी, माडप, भाताण असे एकामागून एक बोगदे येत-जात असता त्यांनी त्या मुलीला ब्यूटाइल रबर आणि डांबर यांतील भेद उगमापासून, उष्णतेतील वर्तनासह, सोदाहरण समजावून सांगितला. ती मध्येच म्हणाली, "कळलं आबा, आता पुरे." तेही त्यांना स्पष्ट ऐकू आले असणार, पण ते त्यांनी मानले नाही.