कुंडीतला बोडा

"काहून हो वहिनी, त्या रिकाम्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालता?"

"रिकामी कुठं, ताई? बोडा लावला त्यात."

"बोडा?"

"लेक आली ना जगदलपूरहून, डबाभर घेऊन आली. सात पाण्यांनी धुतला तरी माती काही सुटेना. मग म्हटलं, ते पाणी अन् आतून काळे पडलेले दोन-चार बोडे टाकून तर पाहू. तिकडं पहिल्या पावसात हजाराच्या वर जातो म्हणे किलोला! हे म्हणाले, तेवढ्यात मटण येतं. म्हटलं, तुम्ही नका खाऊ. दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या."

"झारखंडात रुगडा म्हणतात या अळंब्याला. श्रावणात मटणाच्या जागी हाच. पण वहिनी, कुंडीत नाही व्हायचा तो. माझा भाचा वनस्पतिशास्त्र शिकतो ना, तो सांगत होता. बोड्याचं सरईशी, म्हणजे सालवृक्षाशी, सूत आहे."

"अगंबाई!"

"खरोखरचंच सूत. केसाहून बारीक धागे. मुळांच्या टोकांना मोजे घातल्यासारखे लपेटून बसतात. मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी, फॉस्फरस आणून देतात. बदल्यात झाड पानांत केलेली साखर खाली धाडतं."

"म्हणजे घरजावईच की."

"घरजावई काम करतो का हो? हा करतो."

"अन् आपल्या सात्या? त्याही अळंबीच ना?"

"त्या वारुळातल्या. वाळवीचं बिऱ्हाड वेगळं."

"पण मग पावसातच काहून येतो? लेकीची सासू म्हणते, वीज कडाडली की बोडा फुटतो."

"काम पावसाचं, नाव विजेचं. आपल्याकडे नाही का, स्वयंपाक सून करते अन् वाढायला सासू उभी! धागे आधीपासूनच मातीत असतात, बोडा हे नुसतं त्यांचं फळ. त्या धाग्यांचेही हंगाम असतात. स्वीडनमध्ये तर लोकांनी पाळतच ठेवली त्यांच्यावर. बारीक जाळीच्या पिशव्यांत वाळू भरून जंगलात पुरल्या. मूळ आत शिरू शकत नाही, धागा शिरतो. मग पिशव्या काढून पाहायचं, कधी किती वाढला. तिकडं उन्हाळा सरता सरता अन् पानगळीच्या सुमारास जोर असतो त्याचा."

"तेव्हाच काहून?"

"आधी झाड स्वतःच्या पालवीवर, फांद्यांवर खर्च करतं. ते उरकलं की खाली जास्त धाडतं. हेही त्यांनी पकडलं. पाइनच्या झाडांची साल बुंध्याभोवती गोल सोलून काढली, साखर खाली जायची वाटच बंद! पाच दिवसांत जमिनीचा श्वास, म्हणजे मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, जास्तीत जास्त 37 टक्क्यांनी उतरला. दोनेक महिन्यांत निम्म्याहून कमी. 2001 साली छापून आलं ते. अन् त्या झाडांखाली मुळांशी सूत असलेली अळंबी जवळजवळ उगवलीच नाहीत."

"बिचारी झाडं! शोध लावायला दुसरं काही सुचलं नाही का मेल्यांना?"

"हेच मीही म्हटलं भाच्याला. तो हसला नुसता."

"म्हणजे कुंडी वाया गेली म्हणा माझी."

"तुमची एकटीची नाही. जर्मनीत फ्रँक नावाचा एक शास्त्रज्ञ होता. ट्रफल म्हणून तिकडचं भारी महागडं अळंबं. ते शेतात पिकवता येईल का पाहा, म्हणून सरकारनं त्याला कामाला लावलं. त्याला काही पिकवता आलं नाही. पण मुळं उकरता उकरता हे मोज्यांचं प्रकरण सापडलं अन् 1885 साली त्यानं त्याला 'बुरशी-मूळ' अशा अर्थाचं नाव दिलं."

"त्याला सरकारी पगार तरी होता, ताई."

"सोडा आता. धने टाका त्या कुंडीत, कोथिंबीर तरी येईल."

"ते पहिल्याच दिवशी टाकले. म्हटलं, बोड्याचा काय भरवसा."