समभाग पाण्यासह ब्रंच

सासूबाईंचं घड्याळ पोटात आहे. सहाला चहा, नऊला न्याहारी, साडेबाराला जेवण, चारला पुन्हा चहा आणि सातच्या बातम्यांबरोबर रात्रीची भाकरी. मिरजेजवळच्या गावात ७८ वर्षं चाललेलं हे घड्याळ ह्यूस्टनला आमच्या लेकीकडे उतरल्यावर दोन दिवसांत तिथल्या वेळेला लागलं. जेटलॅग आम्हाला झाला.

लेकीने एका रात्री जाहीर केलं, "आजी, रविवारी न्यू ऑर्लीन्सला ब्रंच टूर. सकाळी दहा ते दीड, चालायचं आणि खायचं."

"म्हणजे न्याहारी बुडणार की जेवण?"

"दोन्ही मिळून एकच. ब्रेकफास्ट आणि लंच, म्हणून ब्रंच."

"आणि पैसे एकाचे की दोन्हीचे?"

लेक गप्प झाली. माणशी ९५ डॉलर भरून झाले होते, टीप वेगळी.

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लीन्स साधारण साडेपाचशे किलोमीटर. शनिवारी निघायच्या आधी, पहाटे चारला स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आला. सासूबाई दशम्या करत होत्या. शेजारी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून तयार. बायको म्हणाली, "आई, आपण खायलाच चाललोय गं."

"होय की. पण ते देतील ते खायला चाललोय. भूक लागली तर काय करायचं?"

रविवारी दहाला आम्ही जॅक्सन स्क्वेअरमध्ये हजर झालो. समोर घोड्यावरचा जनरल जॅक्सन, मागे सेंट लुइस कॅथीड्रल, आणि त्या दोघांच्या मधे गुलाबी बनियनवजा शर्ट घातलेल्या आठ मुली. त्यातल्या एकीच्या डोक्यावर मुकुट. लग्नाआधी नवरीच्या मैत्रिणी तिला घेऊन इथे येतात, अशी रीत आहे. सासूबाईंनी नवरी ओळखली, जवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. कडकड आवाज ऐकून नवरी घाबरली. लेकीने समजावलं, तर उरलेल्या सात जणी ओळीने डोकं पुढे करून उभ्या राहिल्या. टूर दहा मिनिटं उशिरा निघाली.

गाइड उंच, हसरी आणि दक्षिणेच्या चालीची, म्हणजे प्रत्येक वाक्याला 'मॅम' लावणारी. तिने आधीच बजावलं, "लुइझियानाचं जेवण तिखट असतं. कुणाला सोसणार नसेल तर आत्ताच सांगा, मॅम." बघत होती ती नेमकी सासूबाईंकडे. मी काही बोललो नाही. काही गोष्टी ज्याच्या त्याने अनुभवाव्यात.

हा फ्रेंच क्वार्टर. फ्रेंचांनी १७१८ मध्ये शहर वसवलं, पुढे ते स्पॅनिशांकडे गेलं, १७८८ आणि १७९४ च्या आगींत बरंचसं जळलं आणि स्पॅनिश राजवटीतच पुन्हा उभं राहिलं. १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतलं. त्यामुळे रस्त्यांची नावं फ्रेंच, वाड्यांचे चौक स्पॅनिश आणि उच्चार अमेरिकन. आपण शहाणपणाने 'शार्त्र' म्हणावं, तर गाइड 'चार्टर्स' म्हणून मोकळी होते. लोखंडी नक्षीच्या सज्जांवर कार्निव्हलच्या रंगीत माळा अजून लटकत होत्या. "काढत का नाहीत?" सासूबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आपलं तोरण तरी कुठं काढतो."

पहिला पदार्थ बेन्ये. डेकेटर स्ट्रीटवर १८६२ पासूनचं कॅफे दु मोंद आहे, पण तिथली रांग बघून गाइडने आम्हाला दुसऱ्या दुकानात नेलं. बेन्ये म्हणजे महत्त्वाकांक्षी शंकरपाळं. आंबवलेल्या पिठाची चौकोनी गादी तळायची आणि वर पिठीसाखरेचा डोंगर रचायचा. खाताना श्वास घ्यायचा नाही, एवढाच नियम. तो गाइडने सांगितला तेव्हा मी श्वास घेत होतो. पुढची दोन मिनिटं मी खोकत होतो आणि समोरच्या गुलाबी मुली पांढऱ्या होत होत्या. सोबतच्या कॉफीत चिकोरी होती. यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, म्हणून लोकांनी चिकोरी वाढवली. युद्ध संपलं, चव राहिली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं साखर रेशनवर होती तेव्हा गुळाचा चहा चालायचा. त्याला आता तुमच्या पुण्यात दोनशे रुपये घेतात."

दुसरा मुक्काम बारमध्ये. सकाळचे पावणेअकरा. आमच्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि इथे कुणी घड्याळही बघत नव्हतं. पेला संपला नाही तर तो प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतून रस्त्यावर घेऊन निघायला मुभा, फक्त काच नको. माझ्या मनात उगीचच हवालदार येऊन गेला.

दारूच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावणाऱ्या सासूबाई आत येणार नाहीत, असं वाटलं होतं. आल्या, कारण आत पंखा होता. गाइड सॅझरॅकची गोष्ट सांगू लागली. अँटोइन पेशो नावाचा औषधविक्या. त्याचं कुटुंब आजच्या हैतीतून परागंदा होऊन इथे आलेलं. १८३० च्या दशकात याच भागात त्याचं दुकान होतं आणि पोटाच्या तक्रारींवर तो स्वतःचा कडू अर्क देई. तो अर्क ब्रँडीत मिसळू लागला. अंड्याच्या फ्रेंच कपात तो द्यायचा, त्या कपाच्या 'कोकतिये' या नावावरून 'कॉकटेल' शब्द आला, असंही गाइड म्हणाली. लेकीने फोनमध्ये बघून माझ्या कानात सांगितलं, "बाबा, कॉकटेल म्हणजे काय हे १८०६ मध्येच एका अमेरिकन पेपरात छापून आलंय. तेव्हा हा पेशो पाळण्यातून नुकता उतरलेला." मी म्हटलं, गप्प बस. पन्हाळ्यावर गाइडला कधी थांबवलं होतंस का?

सासूबाईंना मात्र एकच शब्द लागला होता. "वैद्य होता?"

"तसाच काहीतरी."

"पोटासाठी?"

"हो."

त्या पुढे सरकल्या. बारवाल्याने एका ग्लासात बडीशेपेच्या वासाची हिरवट दारू ओतली, गोल फिरवली आणि चक्क ओतून दिली. "हे काय?" "ग्लास विसळला, आजी." "दारूनं? पाणी गेलंय होय?" मग त्याने राय व्हिस्की, साखर आणि पेशोच्या लाल अर्काचे थेंब बर्फात ढवळून त्या विसळलेल्या ग्लासात गाळले, लिंबाच्या सालीचा तुकडा वर पिळला. २००८ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने याला शहराचं अधिकृत कॉकटेल ठरवलं. आमचं विधिमंडळ असल्या निकडीच्या विषयांना हात घालत नाही.

सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला. हा बाईंचा खरा प्रांत. चाळीस वर्षं रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव. त्यातही आंबवताना तयार झालेली दारू असते, हे त्यांना सांगायचं धाडस घरात कुणी केलेलं नाही. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला. "बडीशेप आहे. कडू मूळ आहे कसलं तरी. चमचा आणा."

चमचा आला. त्यांनी दोन चमचे सॅझरॅक रिकाम्या पेल्यात घेतलं आणि बाटलीतून मोजून दोन चमचे पाणी घातलं. समभाग. बारवाल्याचा चेहरा, कुणाला श्रीखंडात पाणी घालताना बघावं, तसा झाला. सासूबाईंनी उभ्या उभ्या औषध घेतलं, पदराने ओठ टिपले. "बरंय. पण आमच्या वैद्याचं जास्त लागू पडतं." बारवाल्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

तिसऱ्या ठिकाणी टेबल लागलं होतं. मेनूत कोळंबी आणि ग्रिट्स. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी नुसत्या ग्रिट्स, चीज आणि लोणी घालून, पांढऱ्या वाडग्यात, वर कांद्याची पात. गाइड म्हणाली, हा दक्षिणेच्या ब्रंचचा मानबिंदू. सासूबाईंनी चमच्याने उलथून बघितलं. "कण्या आहेत."

होत्याच. मक्याच्या कण्या.

"दुष्काळात आम्ही ह्या खाल्ल्या आणि पाव्हणे आले की ताट झाकलं," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांनी बघ, पाव्हण्यांनाच वाढल्या." मग टेबलावरची तिखट सॉसची बाटली उचलून त्यांनी आमटी ओढून घ्यावी तशी ओतली. लुइझियानाच्याच एव्हरी बेटावर १८६८ पासून हा टबॅस्को सॉस बनतो. गाइड धावत आली, "मॅम, सांभाळून!" सासूबाईंनी घास घेतला, विचार केला. "आंबट आहे."

कण्यांपाठोपाठ 'पां पेर्द्यू' आलं, म्हणजे हरवलेला पाव. शिळा, कडक झालेला पाव दूध-अंड्यात भिजवून परतलेला. अंडं आहे म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे सरकवला, पण चौकशी पूर्ण केली. "शिळ्याचं केलंय? मग हरवला कुठं? सापडला म्हणा की." आमच्या फोडणीच्या पोळीचं हे फ्रेंच चुलत भावंड. फरक इतकाच, की फोडणीची पोळी कुणी चांदीच्या काट्याने खात नाही.

पुढे डेकेटर आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावर गाइड थांबली. समोर फ्रेंच मार्केट. इथे एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेली एलिझाबेथ नावाची बाई, पुढे मादाम बेगे म्हणून गाजलेली, बाजारातल्या खाटकांना आणि गोदीतल्या माणसांना सकाळी अकराला भरपेट जेवू घालायची. ती माणसं अंधारात कामाला लागलेली असत, त्यांचा पहिला घास पहाटेच संपलेला. १८८४ च्या कापूस प्रदर्शनाला पाहुण्यांची झुंबड उडाली, आणि खाटकांच्या बाकावर बसून दुसरी न्याहारी करायची फॅशन झाली. 'ब्रंच' शब्द मात्र १८९५ मध्ये इंग्लंडात गाय बेरिंजर या लेखकाने छापला, तो शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांच्या सोयीसाठी.

लेक भाषांतर करत होती. सासूबाई थांबल्या. "म्हणजे रानातली न्याहारी. चारला उठायचं, जनावरांचं करायचं, आणि अकराला बांधावर भाकरी सोडायची. मी वीस वर्षं डोक्यावरनं पाटी नेली." मग गुलाबी मुलींकडे बोट दाखवलं. "ह्या पोरी कधी उठल्या?" लेकीने विचारून सांगितलं, "साडेनऊला." सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. पण त्यानंतर ब्रंच या शब्दाबद्दल त्यांचं मत पक्कं झालं असावं: न्याहारी तीच, फक्त तिच्या आधीचं काम काढून टाकलेलं.

चौथा मुक्काम रॅमोस जिन फिझ. हेन्री रॅमोसने १८८८ मध्ये इथेच बनवलेलं. जिन, लिंबू, साय, अंड्याचा पांढरा बलक, नारिंगीच्या फुलांचं पाणी. सगळं बारा मिनिटं हलवायचं, अशी आख्यायिका. १९१५ च्या कार्निव्हलमध्ये म्हणे पस्तीस पोरं ओळीने हलवत होती. आमचा बारवाला तिसऱ्या मिनिटाला हात बदलू लागला. सासूबाई अस्वस्थ. "रवी नाही का ह्यांच्याकडं?" पाचव्या मिनिटाला त्यांनी खांबाकडे नजर टाकली. दोरी मिळाली असती तर फेस लवकर आला असता, याबद्दल मला शंका नाही.

शेवटचा गोड घास, बनानाज फॉस्टर. मध्य अमेरिकेची केळी याच बंदरात उतरत. १९५१ मध्ये ब्रेनन्स रेस्टॉरंटने त्यांचं काय करावं हे शोधून काढलं आणि त्याला मालकाच्या मित्राचं, रिचर्ड फॉस्टरचं नाव दिलं. लोणी, तांबडी साखर, दालचिनी, केळी, वर रम ओतून काडी लावायची. ज्योत हातभर वर गेली. सासूबाईंनी हात जोडले. मग आइसक्रीमवर वाढलेलं बघून विचारलं, "दारू जळली ना सगळी?"

सगळी जळत नाही, बरीच मागे राहते. हे मला ठाऊक होतं. बायकोलाही होतं. आम्ही दोघांनी सज्जाकडे बघितलं.

"शिकरण आहे," सासूबाई म्हणाल्या. "पेटवलेली. पण चांगली झालीय." आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

टूर एका मिठाईच्या दुकानापाशी संपली. प्रालीन, म्हणजे पिकानची आपली दाण्याची वडीच. बायकोने सहा घेतल्या, दुकानदारीणबाईने सात घातल्या. सासूबाईंनी लगेच टोकलं, "एक जास्त आलीय." गाइड हसली. "हे लॅन्यॅप, मॅम." गिऱ्हाइकाला वर थोडं द्यायचं, त्याचं हे नाव. शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशात आणि तिथून इथे उतरलेला. मार्क ट्वेननेही १८८३ च्या पुस्तकात त्याची ओळख करून दिलीय. लेक भाषांतरासाठी शब्द शोधत होती. सासूबाईंना गरज नव्हती. "वर म्हण की. भाजीवाली मिरच्या टाकते ते." चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना अमेरिका हिशेबाला सरळ वाटली.

मी गाइडच्या हातात टीप ठेवली. २० टक्के. तिने शिस्तीत आभार मानले. सासूबाईंनी पिशवी उघडली, दशमी काढली, तिच्यावर चमचाभर शेंगदाण्याची चटणी ठेवून घडी केली आणि गाइडपुढे धरली. "चार तास बोलतीयस. खाल्लंयस का काही?"

लेकीने विचारलं. गाइडने मान हलवली. आम्हाला पाच ठिकाणी खाऊ घालणाऱ्या त्या बाईने सकाळपासून फक्त कॉफी घेतली होती.

तिने मोठा घास घेतला. पहिल्यांदा चेहऱ्यावर कौतुक आलं. मग कान लाल झाले, मग डोळ्यांत पाणी, आणि मग लुइझियानाच्या तिखटाची ती राजदूत शब्द न बोलता माझ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या ग्लासाकडे झेपावली. उरलेला जिन फिझ एका दमात संपला. गुलाबी मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"तिखट चालत नसेल तर आधी सांगायचं, मॅम," सासूबाई मराठीत म्हणाल्या. 'मॅम' त्या चार तासांत शिकल्या होत्या.

गाइडने डोळे पुसले, उरलेली दशमी संपवली आणि बोटं चाटत रिकामा हात पुढे केला. सासूबाईंनी डब्यातून आणखी एक काढली.

"ही वर."