ब्रिज्डवाले भाऊ

लोणी काळभोरात खोलीतलं नेट गेलं की पोरं केबलवाल्याला फोन लावतात. व्हीएममधलं, म्हणजे संगणकातल्या संगणकातलं, गेलं की भाऊंना. राज कपूरच्या राजबागेत आता विद्यापीठ आहे. त्याच्या आसपास भाड्याच्या खोल्यांची जेवढी दाटी, तेवढेच भाऊ. बर्मुडा, गळ्यात हेडफोन आणि दोन विषय राहिलेले. त्यातला एक कॉम्प्युटर नेटवर्क्स.

"भाऊ, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकलं, पण नेट येईना."

भाऊ आधी खुर्ची मागतात, मग चहा. मग विचारतात, "आयपी काय दाखवतोय?"

"१०.०.२.१५."

"ए, तो माझाय!" पलीकडच्या पलंगावरून आवाज येतो. "ढापला याने!"

इथे भाऊ खुलतात. "कुणी ढापला नाही रे. नॅटवर ठेवलं की व्हर्च्युअलबॉक्स ज्याला त्याला हाच आयपी वाटतं. नॅट म्हणजे पेइंग गेस्ट. तुझं पार्सल काकूंच्या नावाने येणार, तू आत राहतोस हे गल्लीला माहीतच नाही. म्हणून याच्या मशीनवरून तुझ्या मशीनला पिंग जात नाही. ब्रिज्ड कर, दारावर स्वतःची पाटी लाव!"

दुखणं कुठलंही असो, भाऊंकडे औषध ब्रिज्डच. ८.८.८.८ ला पिंग जातंय, पण नावाने एकही साइट उघडत नाही, म्हणजे डीएनएस रुसलंय, हे त्यांना पक्कं कळतं. तरी ब्रिज्ड. क्लोन करताना मॅक ॲड्रेस बदलायचा राहिला आणि दोन मशीन एकाच आयपीवर भांडतायत, तरी ब्रिज्डच. खरं तर ते भांडण ब्रिज्डमुळेच पेटलेलं असतं.

साधा उपाय भाऊंना अपमानास्पद वाटतो. एकदा एका मशीनला आयपीच मिळेना. भाऊंनी ड्रायव्हर काढले, फायरवॉल पाडली, सोलापूर रोडवरचे तेलाचे टँकर विरळ होईपर्यंत उबुंटू नव्याने चढवलं. शेवटी फर्स्ट इयरची एक मुलगी म्हणाली, "दादा, सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड'ची टिक निघालीये." टिक केली, नेट आलं. भाऊंनी त्या रात्री दुसरा चहा घेतला नाही. माझ्या मते त्यांना नेट गेल्याचं दुःख कधीच नसतं. ते आलं की लोक उठून जातात, याचं असतं.

आजही तेच. ब्रिज्ड केलं आणि होतं तेही गेलं, कारण इथल्या वायफायवर एका लॉगिनला एकच यंत्र चालतं. असाइनमेंटची वेळ रात्री बाराची. भाऊ शांतपणे स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतात. सगळे पासवर्ड टाकण्यात गुंतलेले पाहून हळूच ब्रिज्डचं पुन्हा नॅट करतात. नेट धावतं.

"बघ, ब्रिज्डने कसं मोकळं केलं!" भाऊ उठतात आणि दारातून बजावतात, "पण अपडेट मारू नकोस. रोजचा दीड जीबीच आहे."