अलंकारवाले सर

काही माणसं अशी असतात की तुम्ही बोलायला लागलात की ती तुमचं म्हणणं ऐकत नाहीत, त्यातला अलंकार ओळखतात. चितेगावात हे खातं सरांकडे आहे. सर मराठी शिकवून निवृत्त झालेले. सकाळी पोलीस आणि तलाठी भरतीच्या पोरांना व्याकरण, संध्याकाळी पैठण रोडवरच्या हॉटेलात गावाला साहित्यशास्त्र. पहिल्याला फी पडते, दुसरं फुकट असूनही चुकवता येत नाही.

एखाद्या वाटसरूनं गाव विचारलं आणि कुणी "हे काय, रोडवरच हाय" म्हटलं, की सर कपबशी खाली ठेवतात. "रोडवर? डांबरावर घरं बांधली का रे? ही लक्षणा! मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त गंगेवर गवळीवाडा वसवला, तसं तू रोडवर चितेगाव वसवलंस." वाटसरू मग बिडकीन येईपर्यंत कुणालाच काही विचारत नाही.

चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स ही सरांच्या मते अतिशयोक्तीची जाहीर प्रात्यक्षिकं. घरी काकू म्हणतात, "तुमच्यासारखा कामसू माणूस पंचक्रोशीत नाही हो!" सर खूश: "व्याजस्तुती!" नाव बरोबर ओळखल्याच्या आनंदात दळणाचा डबा तिथंच राहतो.

क्लासमध्ये मात्र सर व्यवहारी होतात. "सम, सारखा, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. कविता कळायची वाट बघू नका, पेपर सुटतो." एका पोरानं 'बाजारात टमाट्याचे वाटे लावले होते' या वाक्यापुढं ठणठणीत उत्प्रेक्षा लिहिली. सर रागावले नाहीत. "न कळत का होईना, पोरानं श्लेष साधला," असं ते हॉटेलात कौतुकानं सांगत बसले.

रूपक आलं की सरांचा सूर बदलतो. पैठण तालुक्यातला माणूस रूपकाला पुस्तक उघडत नाही. नाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा, आणि त्याचा उतारा मांत्रिकाकडे नाही, हे ते असं समजावतात की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल उलटा ठेवतात.

एकदाच ते अडले. गावच्या व्हिडिओकॉन कारखान्यातला एक जुना कामगार शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, २०१८ला कंपनी दिवाळखोरीत गेली." ना जणू, ना सारखा. सरांनी वाक्य उलटंपालटं करून पाहिलं आणि मग मांडीवर थाप मारली. "स्वभावोक्ती! आहे ते आहे तसं सांगणं! दंडी हिला अलंकारांत पहिलं पान वाढतो. कुंतक म्हणतो, हा अलंकारच नव्हे. शरीरालाच दागिना म्हटलं तर दागिना घालायचा कुणाला?"

"दागिना तर कवाच मोडला सर," कामगार म्हणाला, "शरीर तेवढं राहिलंय."

सरांनी त्या वाक्याचा अलंकार सांगितला नाही. त्याच्यासाठी एक चहा मात्र सांगितला.

त्या चहाचे पैसे कुणी दिले, हा भाग वेगळा. बिलाची वेळ झाली की सर रस्त्याकडं बघत "दिवस मावळला" म्हणतात. काव्यशास्त्रात हे व्यंजनेचं नावाजलेलं उदाहरण आहे: गुराख्यानं ऐकलं तर गुरं वळवायची, पुजाऱ्यानं ऐकलं तर सांजवात लावायची, चोरानं ऐकलं तर कामाला लागायचं. आमच्या हॉटेलात त्याचा एकच अर्थ निघतो, आणि तो शेजारी बसलेल्याच्या खिशातून निघतो.

चेष्टा पुरे. भरतीच्या पेपरात अलंकारावर प्रश्न येतो आणि सरांच्या पोरांचा तो सहसा चुकत नाही. तुमच्या घरात तयारी करणारं कुणी असेल तर त्याला चितेगावला जरूर पाठवा. फीबरोबर चहाचे सुटे पैसे तेवढे द्या.